दख्खनी लोकर शिकायचीय? मग कुठल्या महिन्यात काय करायचं ते आधी बघा

दरवर्षी जुलैमध्ये फोन सुरू होतात, बहुतेक पुण्या-मुंबईची मुलं असतात, "ताई, पावसाळ्यात गावाकडं येतोय, चार दिवसात घोंगडी विणायला शिकवाल का?" आणि दरवर्षी माझं एकच उत्तर, या, जरूर या, पण पावसाळ्यात आपण कातू, विणायचं थंडीत. माणदेशात आमचा लोकरीचा छोटा वर्ग आहे, एक पडवी, दोन चरखे, दहा-बारा टकळ्या आणि मागच्या खोलीत खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग, एवढंच. इथं टाइमटेबल मी ठरवत नाही, हवा ठरवते. हे एकदा समजलं की घरी बसूनसुद्धा तुम्हाला हे काम जमेल, म्हणून सगळं वर्षाच्या क्रमानं लिहितेय.

लोकर मिळवणं. दख्खनी मेंढी वर्षातून साधारण दोनदा कातरतात, पण कधी ते धनगरांच्या प्रत्येक वाड्यावर, म्हणजे कळप घेऊन फिरणाऱ्या तळावर, वेगळं असतं, कारण दिवाळीनंतर बरेच वाडे कोकणाकडं किंवा दुसऱ्या चाऱ्याच्या भागात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणून तारीख नेटवर शोधू नका, जवळच्या धनगर मामांना विचारा आणि कातरणीच्या दिवशीच जाऊन बसा. त्या दिवशी गेलात तर कुठल्या मेंढीची लोकर हवी ते सांगता येतं, नंतर सगळी एकाच पोत्यात जाते. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो भरते, म्हणजे दोन-अडीच किलोच्या घोंगडीला किती मेंढरं लागतात हिशोब करा, आणि धुण्या-पिंजण्यात घट होते ती वेगळीच. पैसे देताना घासाघीस करू नका एवढी विनंती. लोकरीला भाव नाही म्हणून कित्येक वाड्यांवर ती फेकून देतात, आणि मटणासाठी माडग्याळसारखी कमी लोकरीची मेंढरं वाढत चाललीयत. चार माणसं नीट पैसे देऊन लोकर न्यायला लागली तर काळी दख्खनी मेंढी कळपात टिकेल असं मला मनापासून वाटतं.

कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते, मिळाली तर थोडी वेगळी ठेवा, पण शिकायला वापरू नका, तुमचा हात बसेपर्यंत ती वाया जाईल.

निवडणं आणि धुणं. हे काम फेब्रुवारी ते मे या काळातलं, कडक ऊन पाहिजे. आधी जुन्या साडीवर लोकर पसरा, तोंडाला फडकं बांधा आणि पोटाखालची, शेणानं चिकटलेली, काटे-कुसळं अडकलेली लोकर काढून टाका, ती झाडाच्या बुंध्यात घाला, चांगलं खत होतं. राहिलेली लोकर रंगाप्रमाणे वेगळी करा. मेरिनो या परदेशी मेंढीच्या लोकरीचे व्हिडिओ बघून आलेले लोक इथं भरपूर साबण ओततात, पण आपल्या लोकरीत चिकट मेण कमी आणि धूळच जास्त असते, त्यामुळे तेवढ्याची गरजच पडत नाही. रात्री थंड पाण्यात भिजवून ठेवा, सकाळी ते पाणी चहासारखं झालेलं दिसेल, ते ओता. मग अर्ध्या किलोला मोठी बादली भरून हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी आणि त्यात मूठ-दोन मुठी रिठ्यांचा फेस. लोकर फक्त दाबून बुडवायची आणि वीस-पंचवीस मिनिटं तशीच सोडायची. घोळायची नाही, चोळायची नाही, पिळायची तर अजिबात नाही, आणि गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात टाकायची नाही, नाहीतर तंतू एकमेकात अडकून नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला गोळा होतो आणि तो परत सुटत नाही. धुण्याचा सोडाही नको, त्यातला क्षार लोकरीला खातो. दोन-तीन पाणी झालं की खाटेवर पसरा, सावली असेल पण वारा खेळेल अशा जागी.

पूर्ण सुकल्याशिवाय भरू नका हे मी वर्गात दहा वेळा सांगते, कारण पहिल्या वर्षी किंचित ओली लोकर मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आणि श्रावणात उघडली तर निम्मी बुरशीनं गेलेली, निम्म्या लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड लागलेली. पाच मेंढरांची लोकर होती, अजून वाईट वाटतं. आता सुती पोत्यात भरते, आत वेखंड आणि सुका कडुनिंब, पण खरा उपाय म्हणजे पंधरा दिवसांनी पोतं उन्हात उघडून झटकणं, कसरीला अंधार आणि निवांतपणा लागतो, तोच द्यायचा नाही.

रंग शिमग्याच्या आसपास. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, त्यामुळे पांढरी मिळाली तरच या भानगडीत पडा. शंभर ग्रॅम लोकरीला दहा ग्रॅम तुरटी, तासभर मंद आचेवर, उकळी फुटू द्यायची नाही, आणि भांड्यातच निवू द्यायचं. मग फाल्गुनात पळसाची फुलं असतात, एरवी कांद्याची टरफलं किंवा डाळिंबाची साल, सगळ्यांचे पिवळ्या-सोनेरी घरातले रंग येतात. हळदीचा रंग सुंदर दिसतो पण उन्हात उडतो, तो टाळा.

पावसाळा म्हणजे कातणं. उन्हाळ्यात कोरड्या हवेत तंतू उडतात, हाताला चिकटतात, जून-जुलैच्या दमट हवेत तेच शहाण्यासारखे वागतात. पिंजायला धनुकली, म्हणजे पिंजायचं छोटं धनुष्य, जमली तर उत्तम, नसेल तर कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश घ्या, खरंच चालतात. एकावर थोडीशीच लोकर लावा, दुसऱ्यानं हलक्या हातानं ओढा, चार-पाच वेळा इकडून तिकडे, आणि गुंडाळून पेळू करा.

कापसाची टकळी इथं चालत नाही, हलकी पडते. फूटभर लांब काडी आणि खाली लाकडी चकती, सगळं मिळून तीस-चाळीस ग्रॅम वजन झालं पाहिजे. टकळीला हातभर तयार धागा बांधा, त्याच्या टोकावर पेळूचे तंतू ठेवा, टकळीला गिरकी द्या आणि लगेच मांडीत पकडून थांबवा. आता धाग्यात पीळ साठलाय. डाव्या हाताची चिमूट घट्ट, उजव्या हातानं पेळू मागं ओढा, दोन इंचच, कारण आपले तंतू आखूड आहेत, मग चिमूट सोडा, पीळ आपोआप वर चढतो. परत चिमूट, परत ओढ. गिरकी नेहमी एकाच दिशेला द्या. धागा सुटून आला तर पीळ कमी, गाठी मारून गुंडाळायला लागला तर पीळ जास्त. पहिले दोन दिवस दोरखंडच निघतो, काही हरकत नाही, तिसऱ्या दिवशी हाताला कळतं, माझ्या वर्गात एकही माणूस असा नाही आला की ज्याला कळलं नाही. लड झाली की कोमट पाण्यात बुडवून टांगा म्हणजे पीळ बसतो.

शिकायला आलेल्यांना याच दिवसात मी आषाढी वारीतलं काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघून या म्हणते. ती मेंढरं तुकोबांच्या पालखीभोवती पळताना पाहिल्यावर लोकर म्हणजे नुसता कच्चा माल राहत नाही.

दसऱ्यानंतर माग. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यासोबत लोकरही उधळतात, आमच्याकडं त्याच सुमारास मागाच्या खड्ड्यातली ओल गेलेली असते. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजायचे, टरफल काढून भिजवायचे, वाटायचे आणि लापशीसारखे शिजवायचे. बाहेर ताणलेल्या ताण्यावर ही खळ कुंच्यानं एकाच दिशेनं ओढत न्यायची, म्हणजे उभे राहिलेले केस बसतात आणि विणताना धागा धाग्याला घासून तुटत नाही. पावसात ही खळ वाळत नाही, आंबते, आणि मे महिन्यात कुंचा फिरायच्या आत वाळून पापडी धरते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीची सकाळ. हे मला घोंगड्या विणणाऱ्या सणगर समाजातल्या एका आजींनी शिकवलं, त्या खळ बोटावर घेऊन नुसत्या चिकटपणावरून सांगायच्या अजून पाणी घाल की नको.

विणायला मात्र लेख वाचून येऊ नका, ते माणसाशेजारी बसूनच शिकायचं, किमान आठ दिवस काढा. येताना पावसाळ्यात कातलेल्या स्वतःच्या लडी घेऊन या, नखं कापा, आणि सकाळी सातला अंगणात हजर राहा, खळ तोपर्यंत कोमट झालेली असते.