ॲक्सोलॉटलचा पाय जोडीदाराने तोडला तर

ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा, चार पायांचा उभयचर प्राणी. एकाने दुसऱ्याचा पाय तोडला तर आधी दोघांना वेगळं करा. जाळीने उचलू नका, पिसासारखे बाहेर आलेले कल्ले तिच्यात अडकून आणखी फाटतात. पसरट डबा पाण्यात बुडवायचा, त्याला आत सरकू द्यायचं आणि पाण्यासकट उचलायचं. जखमीसाठी दहा लिटरचा टब पुरतो. त्यात वाळूही नको न् फिल्टरही नको, फक्त लपायला फुटक्या मडक्याचा अर्धा तुकडा ठेवा, कडा घासून. साबणाची बादली मात्र चालणार नाही.

हळद, मलम, आयोडीन यातलं काहीच लावू नका. याच्या कातडीतून लावलेलं थेट अंगात उतरतं. तुटलेला पाय तो स्वतःच उगवतो. लहान पिल्लाला दीड-दोन महिने लागतात, मोठ्याला त्याहून जास्त. तोवर त्याला स्वच्छ आणि थंड पाणी देणं एवढंच आपल्या हातात.

टबमध्ये फिल्टर नसल्याने त्याच्या घाणीचा विषारी अमोनिया साचतो, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते चोवीस तास उघडं ठेवा किंवा ॲक्वेरियमच्या दुकानातलं क्लोरीन काढायचं औषध घाला. बोअरचं जड पाणी याला मानवतं. उद्याचं पाणी आजच भरून ठेवलं आणि टबाइतकंच थंड करून घातलं की तापमानाचा झटका बसत नाही.

आपल्याकडे विदर्भात खरी अडचण थंडाव्याची. याला १६ ते १८ अंश लागतात. २४ च्या वर गेलं की तो खाणं टाकतो आणि जखमेवर बुरशी धरते. डिसेंबर-जानेवारीत फारसं काही करावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा माठ आणि कूलर दोन्ही अपुरे पडतात. टब थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली, झाकण घट्ट लावून, पाण्यात सोडा. एवढा बर्फ वितळला की दहा लिटर पाणी साधारण चार अंशांनी उतरतं. चार बाटल्या आळीपाळीने फ्रीझरमध्ये ठेवल्या म्हणजे लाईन गेली तरी रात्र निघते. थर्मामीटर मात्र हवाच, हाताचा अंदाज इथे फसवतो.

काही दिवसांनी खुंटावर पांढरं काही दिसलं की लोक घाबरतात. गुळगुळीत, गोलसर टोक असेल तर तो नवा कोंब आहे, हात लावू नका. कापसासारखं असेल आणि पाण्यात हलत असेल तर ती बुरशी. तेव्हा लिटरभर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, बिनआयोडीनचं मीठ पूर्ण विरघळवा. त्याला दहा मिनिटं त्यात ठेवा आणि लगेच टबात परत घ्या. दिवसातून दोनदा, तेही घड्याळ लावून. जास्त वेळ ठेवलं तर कल्ले भाजतात. बुरशी नसेल तर मिठाची गरज नाही.

खायला गांडूळ सर्वांत चांगलं, पण गांडूळखताच्या खड्ड्यातलं लाल गांडूळ कडवट असल्याने बरेचदा ते थुंकून टाकतात. फवारणीच्या कपाशी-सोयाबीनच्या वावरातलं तर नकोच. परसातल्या ओल्या मातीतलं घ्या, धुवा, तुकडे करून चिमट्याने द्या. उरलेलं अर्ध्या तासात काढा.

भांडण बहुतेक वेळा खाण्यावरून होतं. हललं ते तोंडात, एवढंच यांना कळतं. लहान-मोठा एकत्र असला की लहानाचा पाय जातो. पाय पूर्ण आल्यावरही जोडीदार त्याच्याएवढाच असेल तरच एकत्र सोडा. आणि जखम करणारा काचेवरचं शेवाळ खाणारा सकर मासा असेल तर त्याला कायमचं दुसरीकडे हलवा, तो अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो.

पोट फाटलं, तो पाण्यावर उलटा तरंगू लागला किंवा आठवडाभर काही खाल्लं नाही, तर घरी थांबू नका. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाईगुरांचंच काम चालतं, म्हणून सरळ नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून जा. एसटीत नेताना डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा, बर्फाची बाटली डब्याच्या बाहेरून टेकवा आणि निघण्याआधी त्याला खाऊ घालू नका.