घरी बनवलेल्या ल्युअरला इपॉक्सीचा काचेसारखा कोट कसा द्यायचा

लाकडाचा ल्युअर, म्हणजे मासे पकडायचं नकली आमिष, कोरायला दोन संध्याकाळी जातात, रंगवायला अजून एक, आणि शेवटच्या कोटात बुडबुडे नाहीतर खड्डे पडले की जीव तुटतो अक्षरशः. माझे पहिले चार-पाच जिताड्याचे ल्युअर असेच गेले आणि मी दरवेळी इपॉक्सीला (रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारा लेप) दोष देत बसलो, पण खरी चूक बाटली उघडायच्या आधीच झालेली असायची.

पांगारा, सावर असलं हलकं लाकूड आतून हवेने भरलेलं असतं, तीच हवा इपॉक्सीतून वर येते. म्हणून रंगाच्या आधी सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) दोन हात मारा. अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण २४ तास वाळू द्या. मार्करने खवले काढले असतील तर ती शाई इपॉक्सीत पसरते, त्यावर आधी क्लिअर स्प्रेचा पातळ हात हवाच. आणि रंगवल्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका, बोटाचं तेल लागलं की तिथून इपॉक्सी मागे सरकतं आणि गोल खड्डा पडतो. अल्कोहोलने पुसू पण नका, अ‍ॅक्रिलिक रंग सुटतो. ग्लोव्ह्ज घाला, ते तसेही घालायचेच आहेत कारण हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर पाठ सोडत नाही.

इपॉक्सी साधारण ३० मिनिटं हाताळता येईल असं, पारदर्शक घ्या. पाच मिनिटांवालं ब्रश फिरवेपर्यंतच घट्ट होतं. आता माप. बाटलीवर १:१ आकारमानाने लिहिलं असेल तर वजनकाट्यावर मोजू नका, रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. बिनसुईच्या दोन वेगळ्या सिरिंज घ्या, आणि ल्युअर एकच असला तरी दोन्ही ५-५ मिली काढा, कारण १ मिलीत थोडी जरी चूक झाली तरी कोट कायमचा चिकट राहतो. थोडं वाया जाईल, जाऊ दे. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या कपात ओतून अजून एक मिनिट. नंतर सगळं अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पसरून ठेवा, बुडबुडे आपोआप निघतात आणि कपात साठून गरम होत नाही त्यामुळे वेळही जास्त मिळतो.

मऊ नायलॉन ब्रशने आधी आडवं, मग लांबीने, पातळ. पोटाखाली आणि गळाच्या कडीभोवती हमखास राहून जातं, टॉर्च तिरका धरून बघा. उरलेल्या बुडबुड्यांवरून लायटरची ज्योत झर्रकन फिरवा, एका जागी थांबवू नका. तोंडाने फुंकर नकोच, श्वासात ओलावा असतो.

मग फिरवणं. मायक्रोवेव्हच्या प्लेटखालची मोटर यासाठी मस्त, मिनिटाला पाचेक फेरे, पण नवीन सुटी विकत घ्या, जुना मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, बंद असला तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. व्होल्टेज लेबलवर वाचा, सगळ्या २३० च्या नसतात. मोटर नसेल तर हाताने फिरवत बसा, इपॉक्सी ओघळायचं थांबेपर्यंत, त्याला तासभर तरी लागतो.

आपल्या कोकणात पावसाळ्यात घरी बसून हेच करावंसं वाटतं आणि तेव्हाच फसतं, दमट हवेत हार्डनर ओलावा धरतो आणि वर मेणचट थर येतो. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून हवा उबदार, कोरडी ठेवा, बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका. तरी थर आलाच तर साबणाच्या पाण्याने धुवा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासा, मगच दुसरा कोट, नाहीतर तो सोलून निघेल.

सात दिवस हात लावू नका. मग कडीत अडकलेलं इपॉक्सी बारीक ड्रिल बिट हाताने फिरवून काढा आणि स्प्लिट रिंग (गळ अडकवायची दुहेरी रिंग) घाला.