घरच्या ब्रॉयलरची तयारी, शेवटाकडून

घरी खाण्यापुरते ब्रॉयलर पाळायचं ठरलं की बहुतेकजण आधी पिल्लांचा भाव विचारतात. माझ्या यादीत पिल्लं सगळ्यात शेवटी येतात. पहिला प्रश्न हा, की कापणार कोण, कुठे आणि कोणत्या दिवशी. ब्रॉयलर म्हणजे गावठी कोंबडी नव्हे, की हिंडू दे अंगणात, पाहुणे आले की बघू. ४० ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातं. त्यानंतर ठेवलं तर पाय धरतात, उकाड्यात धाप लागते, धडधाकट दिसणारा पक्षी सकाळी मेलेला सापडतो. दिवस पुढे ढकलण्याची सोय नाही, म्हणून तयारी त्या दिवसापासून मागे मोजत करायची. मी २५ पक्ष्यांचा हिशेब धरतो. नवी मुंबईतल्या घणसोली, गोठिवली, करावे अशा गावठाणात घरामागे थोडी मोकळी जागा असेल तर तेवढे झेपतात. सोसायटीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीसाठी ही यादी नाही.

आपल्याकडे पहिली तारीख डोक्यात येते ती गटारीची. पण हिशेब करून बघा. आषाढी अमावस्या साधारण जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या पूर्वार्धात पडते. तिच्या ४२ दिवस आधी पिल्लं आणायची म्हणजे जून, अगदी पाऊस सुरू व्हायचा मुहूर्त. पिल्लांना ऊब हवी तेव्हा वारा आणि झड, तुसाची गादी कोरडी हवी तेव्हा हवेतच ओल, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. पहिल्याच वेळी हे अंगावर घेऊ नका. गटारीला दुकानासमोर रांग लावलेली बरी. पहिली खेप नोव्हेंबरच्या १८-२० तारखेला आणा. थर्टीफर्स्टला बरोबर तयार होते. त्या दिवसांत नवी मुंबईची हवा कोरडी असते, आणि थंडी एका बल्बने भागेल इतकीच.

आता कापण्याची व्यवस्था. दोन किलोच्या पक्ष्याचं कातडी काढून साधारण साडेबाराशे ते तेराशे ग्रॅम मटण हाती लागतं. बाकी रक्त, पिसं, आतडी. २५ पक्ष्यांचा तो ढीग सतरा-अठरा किलोच्या घरात जातो. तो गटारात किंवा खाडीच्या कडेला टाकायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. जागा असेल तर खोल खड्डा करून, चुना टाकून, कुत्री उकरणार नाहीत इतक्या मातीखाली पुरा. जागा नसेल तर ओळखीच्या चिकनवाल्याशी आधीच बोलून ठेवा: पक्षी जिवंत न्यायचे, कापणावळ द्यायची, घाण त्याच्या रोजच्या गाडीत जाते. माझ्या मते गावठाणात हाच मार्ग चांगला. दिवाळे, बेलापूर, करावे, उलवे या पट्ट्यात तर दुसरा विचारच नको. तिथे नवी मुंबईचा विमानतळ जवळ आहे, आणि विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत जनावर कापणं, सोलणं किंवा पक्ष्यांना खेचून आणणारी घाण टाकणं याला विमान नियम, १९३७ मधल्या ९१व्या नियमाने मनाई केलेली आहे. घारी आतड्यांवर उतरतात आणि विमानाच्या वाटेत येतात, इतकं ते साधं आहे. तिथल्या लोकांनी परवाना असलेल्या दुकानाशीच बोलावं.

पक्षी पाळण्याबद्दल महापालिकेच्या विभाग कार्यालयात आधी विचारून घ्या. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, कारण तक्रार तिथूनच जाते. मटण विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि महापालिकेची परवानगी लागते. घरी खायचे पाळून चार किलो 'ओळखीत' विकणं ही सुरुवात मला आवडत नाही.

खुराडं. दर पक्ष्याला दीड चौरस फूट धरा, म्हणजे ५ बाय ८ची जागा पुरते. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे दुपारचं ऊन थेट आत शिरत नाही. जमीन अंगणापेक्षा फूटभर उंच आणि कोब्याची. कडेने फूटभर भिंत, वर अर्ध्या इंची वेल्डमेश. नेहमीची मोठ्या भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, पण घूस बाहेर ठेवत नाही, आणि नवी मुंबईत मांजरापेक्षा घूस वाईट. एका रात्रीत ती डझनभर पिल्लं ओढून नेते. पत्र्याचं छप्पर असेल तर वर झावळ्या किंवा हिरवी शेडनेट घाला. बाजूला गोणपाटाचे पडदे लावा, पण ते खाली बांधून वरून उघडणारे हवेत. वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही आणि वास वरून निघून जातो. हे उलटं बांधलेलं फार ठिकाणी दिसतं.

तूस भाताचा, दोन-तीन इंच, कोरडा. पिल्लं यायच्या आठवडाभर आधी जमीन धुऊन, चुना मारून, पूर्ण वाळवून मगच पसरा. गादीची पारख हातानेच होते. मूठभर घट्ट दाबून सोडा: गोळा लगेच सुटला तर ठीक, तसाच राहिला तर ओल आहे. ओल म्हणजे अमोनियाचा वास, डोळे चुरचुरणं आणि मग रक्ती हगवण. दर दोन दिवसांनी गादी उलथायची, पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग काढून नवा तूस टाकायचा. शेजाऱ्यांच्या तक्रारी कोंबड्यांमुळे कमी आणि या ओल्या तुसामुळे जास्त येतात.

खाद्य. एका पक्ष्याला सहा आठवड्यांत साधारण साडेतीन किलो लागतं, म्हणजे २५ पक्ष्यांना ५० किलोच्या दोन गोण्यांपेक्षा थोडं कमी. पहिले दहाएक दिवस प्री-स्टार्टर, मग तीन आठवड्यांपर्यंत स्टार्टर, पुढे फिनिशर. अंदाजे प्रत्येकी आठ, पंचवीस आणि पंचावन्न किलो. सगळं एकदम भरून ठेवू नका. इथल्या दमट हवेत गोणीला बुरशी धरते, आणि बुरशीचं विष पक्ष्याच्या यकृतावर जातं. गोणी फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब. पाणी खाद्याच्या दुप्पट धरा, उकाड्यात त्याहून जास्त. दोन फीडर आणि दोन ड्रिंकर पुरतात.

लसीची तयारी मात्र सावकाश वाचा, कारण घरगुती खेपा इथे गचकतात. मॅरेक्स म्हणजे पाय-पंख लुळे पाडणारा रोग, त्याची लस हॅचरीतच (पिल्लं उबवतात तिथे) दिली आहे ना, हे पिल्लं घेताना विचारा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. ती मानमोडीची लस. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो, म्हणजे पक्ष्याची प्रतिकारशक्ती खाणाऱ्या रोगाची लस. एकविसाव्याच्या सुमारास लासोटाचा दुसरा डोस पाण्यातून. कुठल्या दिवशी काय, हे पशुवैद्यकाकडून पक्कं करा. शीशी शंभर डोसांपेक्षा लहान मिळणं अवघड असतं, म्हणून ओळखीत आणखी कुणी पाळत असेल तर एकाच दिवशी लसीकरण ठेवा. फोडलेली शीशी दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. आणि पाणी! नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं, ते या जिवंत लसीला मारून टाकतं. मग लस दिल्याचं समाधान तुम्हाला, आणि रोग कोंबड्यांना. पाणी आदल्या दिवसापासून उघड्या बादलीत ठेवा, किंवा बोअरचं चांगलं पाणी वापरा, आणि लिटरमागे पाचेक ग्रॅम स्किम्ड दूध पावडर ढवळा. त्याआधी दोनेक तास पक्ष्यांना पाणी देऊ नका, म्हणजे ते लगेच पितात.

घरात आधीपासून गावठी कोंबड्या असतील तर त्या आणि हे पक्षी वेगळे, दोघांकडे जायची चप्पलही वेगळी. बर्ड फ्लू लांबची गोष्ट नाही: फेब्रुवारी २०२२मध्ये तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत निघाला आणि आसपासच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करावे लागले. पक्षी एकदम मरू लागले तर पुरून मोकळे होऊ नका, पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात कळवा. प्रतिजैविकं मनाने पाजू नका. कोलिस्टिनवर तर खाण्याच्या जनावरांसाठी २०१९पासून बंदी आहे. कुठलंही औषध दिलं तर कापण्याआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं. तारीख ठरवताना तेही मोजा. कापायच्या आदल्या रात्री खाद्य काढून घ्यायचं, पाणी ठेवायचं.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा बल्ब, ती यायच्या आदल्या दिवशीच पेटवा, तूस गरम व्हायला वेळ लागतो. चिकगार्ड म्हणून पुठ्ठ्याचं गोल कुंपण करा, कोपरा नको. कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. बल्ब जुना पिवळा, तारेचा. एलईडीने प्रकाश पडतो, ऊब नाही. पिल्लामागे दोन वॅट धरून साठचा एक पुरतो, पण दोन लावा, एक उडाला तर दुसरा आहे. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३४ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. पडदे लावलेल्या खुराड्यात कोळशाची शेगडी ठेवू नका.

आता पिल्लं. पेटी ५० किंवा १००ची येते, म्हणून अर्धी वाटून घेणारा माणूस आधी शोधा, आणि स्वतःसाठी दोन जास्त घ्या. बेंबी कोरडी, पाय चकचकीत, टोपलीत टाकलं की उभं राहणारं पिल्लू निवडा. सकाळी लवकर आणा, दुपारच्या शीव-पनवेल महामार्गावर पेटी अडकू देऊ नका. घरी आल्यावर प्रत्येकाची चोच एकदा गुळाच्या पाण्यात बुडवा, खाद्य त्यानंतर तासाभराने. ती बल्बखाली गोळा झाली तर बल्ब खाली घ्या, कडेला जाऊन चोची उघडून बसली तर वर. रात्री झोपण्याआधी चार-पाच पिल्लांची गळ्याखालची पिशवी चाचपा: मऊ आणि भरलेली असेल तर त्यांना दाणा-पाणी सापडलं, कडक असेल तर पाणी कमी पडतंय, भांडं जवळ सरकवा.