प्रदर्शनात फोटो किती लावायचे? या चुका टाळा

पुण्यात फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं की पहिली धावपळ हॉलची. बालगंधर्वचं कलादालन मिळतंय का, नाहीतर घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, तेही नसेल तर कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात बघू. तारीख हातात पडली की लगेच कुणीतरी म्हणतं, "साठ फोटो करूया." विषय अजून नीट ठरलेला नसतो, भिंत कुणी मोजलेली नसते आणि पुढचे दोन महिने सगळे त्या साठाच्या मागे लागतात. मग खोगीरभरती होते. आकडा सगळ्यात शेवटी यायला हवा: आधी विषय, मग निवड, मग भिंत.

विषय सैल ठेवू नका

नुसतं 'वारी' म्हटलं तर काहीही खपतं. 'पालख्यांचा पुण्यातला मुक्काम' म्हणून बघा, निम्मी निवड तिथेच होते. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांची पालखी, भवानी पेठेत पालखी विठोबाला माउलींची. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून अंथरलेल्या पथाऱ्या. फुटपाथवर बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे, दाढ्या करून देणारे. हे सगळं विषयात बसतं.

आणि दिवे घाट? घाटाचा फोटो प्रत्येकाकडे असतो आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात देखणा असतो. पण माउलींची पालखी घाट चढते ती पुण्यातून निघाल्यावर, सासवडच्या वाटेवर. मुक्कामाच्या प्रदर्शनात तो बसत नाही. वगळताना जीव तुटतो, तरी वगळा. एकाचा विषयाबाहेरचा फोटो घेतलात तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

एकच गोष्ट दोनदा सांगू नका

फोटो वाढतात ते मुख्यतः इथेच, म्हणून या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर निवड करू नका. तिथे फोटो एकामागून एक दिसतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी चांगलाच वाटतो. लॅबमधून ४ बाय ६ चे साधे प्रिंट काढून आणा आणि सतरंजीवर सगळे एकदम पसरा. तुळस डोक्यावर घेतलेल्या सात बायका एका रांगेत आल्या की वेगळं सांगावं लागत नाही. त्या सातातून एकच ठेवायची. पण कोणती? जिचा चेहरा सर्वात सुंदर तीच, असं नाही. शेजारच्या फोटोत नसलेलं काहीतरी जी दाखवते ती. एकीच्या मागे बंद दुकानाचं शटर आणि त्यावरची पाटी दिसतेय, म्हणजे हे पुणं आहे हे कळतं. मग तीच ठेवा.

दोघांत अडलं तर एक उलटा करून ठेवा, रांग पुन्हा बघा. काही हरवल्यासारखं वाटलं नाही तर तो नको होता. हे एका बैठकीत उरकू नका. प्रिंट चार दिवस तसेच राहू द्या आणि फोटो न काढणाऱ्या एखाद्या माणसाला आणून दाखवा. पहाटे चारला उठून टिपलाय म्हणून आपला एखाद्या फोटोवर जीव असतो. बघणाऱ्याला त्या पहाटेचं काही नसतं.

प्रत्येकाला समान वाटा देऊ नका

ग्रुपच्या प्रदर्शनात 'वीस जण, प्रत्येकी तीन' हे गणित दिसायला न्याय्य असतं. पण त्यात निवड फोटोंची न होता माणसांची होते. एखाद्याचे सहा घ्या, एखाद्याचा एकच. हे फॉर्म भरून घेतानाच लिहून द्या, म्हणजे नंतर रुसवे-फुगवे कमी होतात. निवड बाहेरच्या माणसाकडे सोपवली तर फारच बरं.

भिंत टेपने मोजा

समजा चारी भिंती मिळून १०० फूट भरल्या. दारं, स्विचबोर्ड, प्रस्तावनेचा बोर्ड, अभिप्राय वहीचं टेबल वजा जाता ८४ फूट उरले. १२ बाय १८ चा आडवा फोटो माउंट आणि फ्रेमसकट साधारण २४ इंच रुंद होतो. त्यात एक फूट मोकळी जागा धरली की फोटोमागे तीन फूट, म्हणजे २८ फोटो. ही वरची मर्यादा झाली. निवडीत २३ च उरले असतील तर २३ च लावा.

साठ बसवायला मग दोन ओळी कराव्या लागतात. खालच्या ओळीसाठी वाकावं लागतं, वरच्या ओळीवर दिव्याची चकाकी येते. फोटोचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांच्या आसपास असला की मान आखडत नाही. शिवाय नाटकाआधी डोकावणाऱ्याकडे जेमतेम पाव तास असतो. फोटोला अर्धा मिनिट धरलं तरी २८ फोटोंना १४ मिनिटं लागतात.

मोठ्या प्रदर्शनांत शेकडो फोटो असतात, असं कुणी म्हणेलच. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी भरवलेल्या 'द फॅमिली ऑफ मॅन'मध्ये ५०३ फोटो होते हे खरं. पण ते जन्म, काम, खेळ, मृत्यू अशा गटांत बांधलेले होते आणि काही भिंतभर, काही अगदी छोटे होते. त्यांची मांडणी करायला वास्तुरचनाकार होता. एका मापाचे साठ फोटो ओळीने टांगले तर तसं काही घडत नाही.

वेळ निघून गेली असेल तर

फ्रेम जास्त झाल्या असतील तर जादा फोटो भिंतीवर कोंबू नका. छोट्या प्रिंटचा अल्बम करून अभिप्राय वहीजवळ ठेवा, लोक आवर्जून चाळतात. फोटो कमी पडत असतील तर नवे शोधत बसण्यापेक्षा सर्वात बोलका फोटो २० बाय ३० करा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी भिंत सोडा. मात्र मोठा करण्याआधी मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो लांबीला १६०० पिक्सेलच्या आसपास असतो; ३० इंचांवर ताणला की चेहरे विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या घरी जा.