रासायनिक अभिक्रियेच्या ऊर्जेचा हिशेब कसा मांडावा

कोणतीही अभिक्रिया कागदावर उतरवली की तिच्या ऊर्जेविषयी चार प्रश्न उभे राहतात: उष्णता किती निघेल किंवा किती लागेल, त्या परिस्थितीत अभिक्रिया होऊ शकते का आणि झाल्यास कुठवर जाईल, ती किती वेगाने होईल, आणि निघालेली उष्णता बाहेर कशी काढायची. या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या राशींतून मिळतात, आणि हिशेबातील बहुतेक चुका एकाचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यात मांडल्यामुळे होतात. ‘अभिक्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) आहे, म्हणून ती आपोआप होईल’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. पण पाण्यात अमोनियम नायट्रेट टाकले की चंचुपात्र हाताला गार लागते आणि ते वाक्य तिथेच खोटे ठरते, कारण हा क्षार पाण्याची उष्णता शोषून घेतो आणि तरीही आपसूक विरघळतो. म्हणून हे चार प्रश्न एकेक करून, पुढील क्रमानेच सोडवावेत.

सुरुवात संतुलित समीकरणापासून करावी, आणि त्यात प्रत्येक पदार्थाची भौतिक अवस्था न चुकता लिहावी. एक मोल हायड्रोजन जळून द्रवरूप पाणी तयार झाले तर २८५.८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, पण तयार झालेले पाणी वाफेच्या रूपात राहिले तर हाच आकडा २४१.८ वर येतो. मधले ४४ किलोज्यूल त्या वाफेतच अडकलेले असतात. आकड्यासोबत तो कशाच्या एका मोलसाठी आहे हेही लिहावे. अमोनियाच्या निर्मितीसाठी कुठे ९२ तर कुठे ४६ किलोज्यूल छापलेले आढळते, आणि दोन्ही बरोबर असतात, कारण पहिला आकडा दोन मोल अमोनियाचा आणि दुसरा एका मोलचा आहे. उष्णता बाहेर पडत असेल तर एन्थाल्पीतील बदल (स्थिर दाबाखाली दिली-घेतलेली उष्णता) ऋण, आणि शोषली जात असेल तर धन, हे चिन्हही याच टप्प्यावर निश्चित करावे.

एन्थाल्पीतील बदल काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे निर्मिती एन्थाल्पीचा, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ तयार होतानाच्या एन्थाल्पीतील बदलांचा, तक्ता. उत्पादितांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज करावी, तीतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करावी, आणि हे करताना प्रत्येक मूल्याला समीकरणातील सहगुणकाने गुणायला विसरू नये. ही रीत रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० मध्ये मांडलेल्या नियमावर उभी आहे: वाट कोणतीही घेतली तरी सुरुवात आणि शेवट तेच असतील, तर एकूण उष्णताही तीच असते. तक्त्यात पदार्थ सापडला नाही तर बंध ऊर्जेवरून अंदाज काढता येतो. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन घेतले, तर नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला ९४५ आणि हायड्रोजनचे तीन बंध तोडायला प्रत्येकी ४३६ याप्रमाणे एकूण २२५३ किलोज्यूल खर्च होतात. तयार होणाऱ्या दोन मोल अमोनियात नायट्रोजन-हायड्रोजन असे सहा बंध असतात आणि ते जुळताना प्रत्येकी ३९१ प्रमाणे २३४६ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे ९३ किलोज्यूल बाहेर पडतात, आणि तक्त्यातील आकडा ९२ च्या आसपास आहे. इतका जवळचा मेळ नेहमी बसेल असे समजू नये; बंध ऊर्जा ही अनेक संयुगांची सरासरी असते आणि ती फक्त वायू अवस्थेला लागू पडते. या उदाहरणातून एक जुना गैरसमजही दूर होतो: बंध तुटताना ऊर्जा कधीच सुटत नाही, ती नेहमी लागतेच, ऊर्जा सुटते ती बंध जुळताना.

कागदावरचा आकडा एकदा तरी हाताने मोजून पाहावा. थर्माकोलच्या पेल्यात १०० ग्रॅम पाणी घ्यावे, त्याचे तापमान पाच मिनिटे दर मिनिटाला नोंदवावे, मग ४ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, सोडियम हायड्रॉक्साइड त्यात टाकून झाकण लावावे आणि ढवळत राहून नोंदी चालू ठेवाव्यात. चष्मा आणि हातमोजे इथे ऐच्छिक नाहीत. हा पदार्थ हवेतील ओलावा झपाट्याने ओढतो, त्यामुळे वजन पटकन करावे आणि बाटली लगेच बंद करावी. एक मोल विरघळताना सुमारे ४४.५ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणून ०.१ मोलची ४४५० ज्यूल १०४ ग्रॅम द्रावणात वाटली गेल्यावर तापमान १० अंशांहून किंचित जास्त चढायला हवे. समजा, प्रत्यक्षात ते ९.५ अंशच चढले. तर १०४, ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता) आणि ९.५ यांचा गुणाकार ४१३० ज्यूल येतो, म्हणजे मोलमागे ४१.३ किलोज्यूल. ही सुमारे सात टक्क्यांची तूट पेल्याने आणि हवेने घेतलेल्या उष्णतेची आणि वजनात मोजल्या गेलेल्या ओलाव्याची असते. ती कमी करायची असेल तर सर्वोच्च तापमान जसेच्या तसे न घेता, आलेखावर उतरत्या भागाची रेषा पदार्थ टाकल्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवावी आणि तिथला फरक वाचावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी मुक्त ऊर्जा लागते. मुक्त ऊर्जेतील बदल म्हणजे एन्थाल्पीतील बदलातून केल्विन तापमान आणि एन्ट्रॉपीतील (अव्यवस्थेच्या मापातील) बदल यांचा गुणाकार वजा करून उरणारी राशी. ती ऋण असेल तरच अभिक्रिया लिहिलेल्या दिशेने स्वतःहून जाऊ शकते. तक्त्यात एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये दिलेली असते. हा हजाराचा फरक न पाहिल्यामुळे जितकी उत्तरे चुकतात, तितकी बहुधा दुसऱ्या कशानेही चुकत नसावीत. चुनखडीचे उदाहरण घ्यावे. कॅल्शियम कार्बोनेटचे विघटन होताना मोलमागे १७८ किलोज्यूल लागतात आणि एन्ट्रॉपी केल्विनमागे सुमारे १६० ज्यूल वाढते, कारण घन पदार्थातून वायू मोकळा होतो. २९८ केल्विनला हिशेब सुमारे धन १३० किलोज्यूल येतो, म्हणून चुनखडीचे डोंगर जागच्या जागी उभे आहेत. दोन्ही पदे समान होण्याचे तापमान १७८००० भागिले १६०, म्हणजे सुमारे १११० केल्विन किंवा ८४० अंश सेल्सिअस निघते. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण होण्यासाठी जवळपास ९०० अंश लागतात, कारण आपण २९८ केल्विनची मूल्ये थेट भट्टीच्या तापमानाला वापरली आणि ती तापमानाबरोबर थोडी सरकतात. उलट, तयार होणारा वायू हवेच्या झोताने सतत बाहेर नेला, तर विघटन त्याहून कमी तापमानालाही चालते; म्हणून भट्टीचे तापमान ठरवताना वायूचा दाबही विचारात घ्यावा.

मुक्त ऊर्जा आणखी एका ठिकाणी थेट उपयोगी पडते: विद्युत अपघटनात. एक मोल पाणी फोडायला २३७ किलोज्यूल विद्युत कार्य किमान लागते, आणि ते १.२३ व्होल्टशी जुळते. मात्र बाहेरून उष्णता अजिबात न घेता घट चालवायचा असेल तर पूर्ण एन्थाल्पी, म्हणजे सुमारे १.४८ व्होल्ट, धरावी लागते.

आता पुन्हा अमोनियाकडे वळू, कारण तिसरा प्रश्न तिथेच खरा टोचतो. चार मोल वायूंचे दोन मोल होत असल्याने एन्ट्रॉपी सुमारे १९९ ज्यूलने घटते. तरी २९८ केल्विनला मुक्त ऊर्जा ऋण ३३ किलोज्यूल आहे आणि ती सुमारे १९० अंश सेल्सिअसला शून्यावर येते. हिशेब सांगतो की थंड ठेवा, आणि कारखाने मात्र ४०० ते ५०० अंशांवर चालतात. याचे कारण वेगात आहे: नायट्रोजनचा तो ९४५ किलोज्यूलचा बंध थंडीत हलत नाही आणि लोहाचा उत्प्रेरकही पुरेसे तापमान मिळाल्याशिवाय कामाचा वेग धरत नाही. मग समतोलात झालेला तोटा १५० ते २५० वातावरणांच्या दाबाने काही अंशी भरून काढतात, तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात, आणि उरलेले वायू पुन्हा फिरवतात. १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे सुरू झालेल्या पहिल्या कारखान्यापासून ही तडजोड तत्त्वतः तशीच आहे.

वेग सक्रियण ऊर्जेवर, म्हणजे अभिक्रिया होण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या उंबरठ्यावर ठरतो, आणि तिचा मुक्त ऊर्जेशी थेट संबंध नाही. हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे मोलमागे सुमारे २.९ किलोज्यूलने फायद्याचे आहे, तरीही अंगठीतला हिरा काळा पडत नाही. उत्प्रेरक सक्रियण ऊर्जेची नवी, ठेंगणी वाट देतो, पण एन्थाल्पी बदलत नाही आणि समतोलही हलवत नाही. सक्रियण ऊर्जा काढण्यासाठी वेग-स्थिरांक किमान दोन, आणि शक्यतो चार-पाच तापमानांना मोजावा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम केल्विन तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध आलेखावर मांडावा, आणि रेषेच्या उताराला ८.३१४ ने (वायू स्थिरांकाने) गुणून चिन्ह बदलावे. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो हा प्रचलित ठोकताळा केवळ सक्रियण ऊर्जा ५३ किलोज्यूलच्या आसपास असताना आणि २५ ते ३५ अंशांच्या पट्ट्यातच खरा आहे. ती १०० असेल तर त्याच दहा अंशांत वेग ३.७ पट होतो.

हा शेवटचा आकडा चौथ्या प्रश्नासाठी लक्षात ठेवावा, कारण मोठ्या रिअ‍ॅक्टरमधील धोका तिथूनच सुरू होतो. आधी उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर तापमान किती चढेल ते काढावे. लिटरमागे २ मोल अभिक्रियाकारक, मोलमागे १०० किलोज्यूल उष्णता आणि मिश्रणाची उष्माधारकता लिटरमागे प्रत्येक अंशाला १.८ किलोज्यूल धरली, तर ही वाढ १११ अंश येते. म्हणजे ६० अंशांवर सुरू केलेला घाणा (एका वेळी भरलेले मिश्रण) १७१ पर्यंत जाऊ शकतो. हे तापमान विद्रावकाच्या उत्कलनबिंदूशी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिश्रण स्वतः विघटित होऊ लागते त्या तापमानाशी ताडून पाहावे. प्रयोगशाळेत एका लिटरच्या फ्लास्कमध्ये काहीच झाले नाही, हा पुरावा मानू नये: आकारमान हजार पट झाले की पृष्ठभाग शंभर पटच होतो, म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड होण्यासाठी दशांश पृष्ठभाग उरतो. १९७६ मध्ये इटलीतील सेव्हेसोजवळ अर्धवट राहिलेला घाणा ढवळणी बंद करून तसाच सोडला गेला आणि काही तासांनी अभिक्रिया अनावर होऊन डायॉक्सिन हे विषारी रसायन बाहेर पडले.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे एक अभिक्रियाकारक हळूहळू सोडणे, पण तो टाकल्याबरोबर वापरला जात असेल तरच उपयोगी ठरतो. खबरदारी म्हणून रिअ‍ॅक्टर जास्त थंड ठेवला, तर अभिक्रिया मंदावते, टाकलेला माल न वापरता साठत जातो, आणि पुढे तापमान जरा चढले की साठलेल्या सगळ्याची उष्णता एकदम बाहेर येते. म्हणून सुरुवातीचा थोडा भाग टाकल्यावर तापमान अपेक्षेइतके चढते का ते पाहावे, चढले नाही तर पुढची भर थांबवून कारण शोधावे, आणि ढवळणी बंद पडताच फीडचा (आत येणाऱ्या मालाचा) व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल अशी जोडणी आधीच करून घ्यावी. बंद पडलेली ढवळणी पुन्हा सुरू करण्याची घाई मात्र करू नये. तोवर थरांत वेगळे साठलेले पदार्थ त्या क्षणी एकदम एकमेकांत मिसळतात.