होम स्टुडिओचं सामान घेताय? आधी या चुका टाळा

माईक आला, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आला, सॉफ्टवेअर टाकून झालं आणि पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तर आवाज बाथरूममधून आल्यासारखा. मग लगेच शोधाशोध सुरू, की यापेक्षा भारी माईक कुठला घेऊ. जरा थांबा. बहुतेक वेळा दोष माईकचा नसतोच, खोलीचा असतो, आणि भारी माईक आणलात तर तो तीच खोली अजून स्पष्ट ऐकवणार.

खोलीत उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. मागे टणटण असा शेपूट ऐकू आला की समजायचं, उघड्या भिंती, काच आणि फरशी आवाज परत फेकतायत. यावर लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात, त्याचा जवळपास काही उपयोग नाही, आणि पातळ फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो, त्यामुळे घुमणं तसंच राहतं आणि वर आवाज मंद वाटायला लागतो ते वेगळंच. त्यापेक्षा जाड रजई बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, कारण माईकचं तोंड त्या दिशेला असतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवलंत तरी फरक पडतो. आणि हो, फोम किंवा रजईने बाहेरच्या गाड्यांचा आवाज थांबत नाही, ते काम जड भिंतींचं आणि फटी बंद करण्याचं आहे.

दुसरं, अंतर. माईक हातभर लांब ठेवायचा आणि मग गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवत बसायचं, हे फार जण करतात. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज साधारण 6 डीबीने (डेसिबलने) वाढतो पण खोलीचा घुमणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे नुसतं जवळ सरकून फुकटात रेकॉर्डिंग सुधारतं. 15 ते 20 सेंटिमीटर ठीक. त्याहून खूप जवळ गेलात तर कार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच आवाज घेणाऱ्या) माईकवर बेस फुगतो आणि 'प', 'फ', 'भ'चे फटके बसतात, तेव्हा पॉप फिल्टर (माईकसमोरची जाळी) लावा आणि माईक तोंडाच्या रेषेतून जरासा बाजूला घ्या.

आता एक गोष्ट जी बघून हसू येतं पण सर्रास होते. मोठे स्टुडिओ कंडेन्सर (एका प्रकारचे संवेदनशील माईक) बहुतेक बाजूने आवाज घेतात, टोकाकडून नाही. लोक मात्र स्टेजवरच्या माईकसारखं त्याचं टोक तोंडाकडे करतात किंवा उलट्या बाजूने बोलतात, आणि मग आवाज पातळ, लांबचा येतो म्हणून माईक परत करायला निघतात. कंपनीचा लोगो किंवा कार्डिऑइडचं बदामासारखं चिन्ह ज्या बाजूला असतं ती सहसा पुढची बाजू. शंका असेल तर बोलत बोलत माईक हळूहळू फिरवा, कानालाच कळेल.

माईक निवडतानाची चूक वेगळीच. सगळ्या व्हिडिओत शुअर एसएम7बी दिसतो म्हणून तोच घ्यायचा, पण त्याला निदान 60 डीबी गेन लागतो आणि साध्या इंटरफेसला तेवढा द्यायचा म्हणजे नॉब शेवटपर्यंत फिरवायचा आणि मागे हिस्स ऐकायचं. म्हणून माईकच्या आधी इंटरफेस किती गेन देतो ते वाचा. कंडेन्सरला सहसा 48 व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसमधून केबलवाटे माईकला जाणारी वीज) लागते, ते बटण दाबलेलंच नसतं म्हणून 'माईक डेड आला' असं वाटणारेही आहेत.

सेटिंगमधल्या चुका आता पटापट. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवा आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 ते उणे 6 डीबीच्या आसपास असू द्या, लाल लागेपर्यंत गेन वाढवायची काही गरज नाही कारण कमी आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र धड दुरुस्त होत नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतोय? बफर (कॉम्प्युटर एका दमात आवाजाचा किती मोठा तुकडा हाताळतो ते सेटिंग) 1024 असेल तर 128 वर आणा, विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येणं) चालू असेल तर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, दोन्ही चालू राहिली की आवाज दुहेरी ऐकू येतो आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. आवाज एकाच कानात येत असेल तर ट्रॅक स्टिरिओ आहे, मोनो करा. गाणं वेगात आणि वरच्या पट्टीत वाजत असेल तर 44.1 किलोहर्ट्झची फाईल 48 वर चाललीये, प्रोजेक्ट आणि इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) एकच ठेवा. सतत गुंss असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर वीजपुरवठ्याचा किंवा ग्राउंडचा घोळ आहे, माईकला दोष देऊ नका.

हेडफोन बंद पाठीचे घ्या. ओपन बॅक, म्हणजे उघड्या पाठीचे, मिक्सिंगला छान, पण गाताना त्यातला ट्रॅक सरळ माईकमध्ये गळतो.

सॉफ्टवेअरवर लोक तासन् तास भांडतात आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी महत्त्वाचा निर्णय आहे. नुसतं बोलणं रेकॉर्ड करून कापायचं असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरतं, मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. बरेच ट्रॅक, मिडी (कीबोर्डवर वाजवलेल्या सुरांची नोंद) वगैरे हवं असेल तर रीपर 60 दिवस वापरून बघता येतं. एकच निवडा आणि त्याचे शॉर्टकट हातात बसू द्या. विकत घेतलेल्या प्लगिन्सचा (सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा इफेक्ट्सचा) ढीग पहिल्या महिन्यात तरी नको. नॉइज रिडक्शन वापरायचंच असेल तर सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहून खोलीचा नमुना रेकॉर्ड करा आणि थोडं थोडंच लावा, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि मूळ फाईल वेव्हमध्येच ठेवा, एमपीथ्री फक्त पाठवायच्या वेळी.