सोर्स कोड नसलेल्या आयसॅपी डीएलएलचा बफर बग: सपोर्टला नवीन असाल तर वाचा

नवी मुंबईच्या ऐरोली, महापे, घणसोली पट्ट्यात सपोर्टचा पहिला जॉब लागला की हमखास एखादं जुनं सॉफ्टवेअर गळ्यात पडतं, जे कोणी लिहिलं ते ऑफिसात कोणालाच सांगता येत नाही. मला महापेला मिळालं ते आयआयएसवर (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) चालणारं एक आयसॅपी एक्स्टेन्शन, म्हणजे त्या सर्व्हरला जोडलेला प्रोग्रॅम, सी प्लस प्लस मधलं, फक्त डीएलएल (कम्पाइल झालेली फाइल) शिल्लक आणि बनवणारी कंपनी बंद. क्लायंटच्या तक्रार फॉर्मचा सगळा डेटा त्यातूनच जायचा.

प्रॉब्लेम असा की इंग्रजीत भरलेला फॉर्म नीट जायचा, मराठीत मोठी तक्रार लिहिली की शेवटी कचरा अक्षरं यायची, कधी साइट चालवणारी अख्खी वर्कर प्रोसेसच पडायची. सगळे म्हणे युनिकोडचा लोचा आहे, डेटाबेसचं कोलेशन (मजकूर कसा साठवायचा, लावायचा ती सेटिंग) बदला. पण छोटी मराठी तक्रार व्यवस्थित जात होती ना, मग युनिकोड कसं काय? अशा वेळी भाषा सोडा आणि बाइट मोजा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ३ बाइट घेतं, आणि साध्या फॉर्ममधून जाताना त्यातल्या प्रत्येक बाइटचे परत ३ होतात, परसेंटची खूण आणि पुढे दोन कॅरेक्टर. म्हणजे एका चिन्हाला ९ बाइट. 'तक्रार' मध्ये त, क, हलन्त, र, काना, र अशी ६ चिन्हं, झाले ५४ बाइट. इंग्रजीत 'कम्प्लेंट' ९ बाइटात जातं.

आता आयआयएस काय करतं, तर रिक्वेस्ट बॉडीचा (म्हणजे फॉर्ममधून आलेल्या डेटाचा) पहिला भागच आधी वाचून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, एक्स्टेन्शनच्या हातात देतं, डिफॉल्ट ४९१५२ बाइट, म्हणजे ४८ केबी. एकूण किती येणार ते वेगळ्या फील्डमध्ये असतं आणि उरलेलं रीडक्लायंट कॉल करून मागून घ्यायचं असतं. प्रोकडम्प या टूलने क्रॅशचा डम्प (त्या क्षणाच्या मेमरीची कॉपी) काढला तर कॉपीला दिलेली लांबी एकूण साइझइतकी, आणि बफरमध्ये प्रत्यक्षात ४८ केबीच! पुढची मेमरी दुसऱ्याच कशाची तरी. मराठी मजकूर साडेपाच हजार चिन्हांच्या आसपास ही हद्द ओलांडतो, इंग्रजीत तेवढं कोण लिहितंय. टीमला पटवायला ५० केबीचा इंग्रजी मजकूर पाठवला, तोही तसाच बिघडला, युनिकोडचा विषय तिथेच संपला.

कोड बदलता येत नाही म्हटल्यावर वर्कअराउंड करायचा. आयआयएसची अपलोड-रीड-अहेड-साइझ सेटिंग वाढवायची म्हणजे पूर्ण बॉडी पहिल्याच बफरमध्ये येते. नेटवर सल्ला मिळतो की सरळ २१४७४८३६४७ टाका. प्लीज असं करू नका, प्रत्येक मोठी रिक्वेस्ट तेवढी मेमरी धरून बसेल आणि बाहेरचा कोणीही सर्व्हर झोपवू शकेल. आम्ही १ एमबी ठेवली, फक्त त्या एका पाथपुरती, आणि महत्त्वाचं म्हणजे रिक्वेस्ट फिल्टरिंगमध्ये (नको त्या रिक्वेस्ट आधीच अडवणारा आयआयएसचा भाग) कंटेंट लेंग्थची, म्हणजे बॉडीच्या साइझची, लिमिटही तीच, जी एरवी ३ कोटी बाइट असते. त्यामुळे मोठी रिक्वेस्ट डीएलएलपर्यंत पोचतच नाही, युजरला ४०४.१३, म्हणजे रिक्वेस्ट फार मोठी असल्याचा एरर मिळतो. चुकीचा डेटा गुपचूप सेव्ह होण्यापेक्षा स्पष्ट एरर शंभरपट बरी, असं माझं ठाम मत आहे. ॲप्लिकेशन पूलही (साइटची स्वतंत्र वर्कर प्रोसेस) वेगळा केला, ही डीएलएल पडली तरी बाकीच्या साइट चालू राहाव्यात म्हणून.

कोणी म्हणेल हा जुगाड आहे, पण आयआयएस सर्व्हरमध्ये आपोआप पसरणारा २००१ चा कोड रेड वर्म बघा. आयडीक्यू डॉट डीएलएल हेही आयसॅपी एक्स्टेन्शनच होतं, बफर ओव्हरफ्लो त्यात होता, आणि इंडेक्सिंग सर्व्हिस बंद असली तरी सर्व्हर वर्मच्या तावडीत सापडायचा कारण मॅपिंग (कोणत्या एक्स्टेन्शनची फाइल कोणत्या डीएलएलकडे जाणार ती जोडणी) चालू असायचं. पॅच जूनमध्ये आला होता, वर्म जुलैमध्ये पसरला, आणि ज्यांनी .आयडीए, .आयडीक्यू ची मॅपिंग काढून टाकली होती ते पॅच न लावताही वाचले. वर्कअराउंड हे खरं काम आहे, फक्त बग नेमका कुठे आहे ते कळल्यावरच करायचं.

अजून एक गोष्ट, ही रीड-अहेडची सेटिंग ॲप्लिकेशनहोस्ट डॉट कॉन्फिगमध्ये (आयआयएसची सर्व्हरवरची मुख्य सेटिंग फाइल) बसते, तुमच्या डिप्लॉयमेंट पॅकेजमध्ये नाही. सर्व्हर नवीन बांधला की ती गायब, आणि बग पुन्हा हजर. त्यामुळे सर्व्हर बिल्डच्या चेकलिस्टमध्ये तिची लाइन टाका आणि सोबत ४९१५३ बाइटची एक टेस्ट रिक्वेस्ट ठेवा, ती पास झाल्याशिवाय सर्व्हर लाइव्ह करू देऊ नका.